पोराच्या हाती गाडी देण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न उभे राहतात. अकरावीला प्रवेश कुठे घ्यायचा, हा पहिला. कॉलेजला जायला गाडी कधी मिळणार, हा दुसरा. पहिला आईवडिलांना पडतो, दुसरा चिरंजीवांना. पहिल्या प्रश्नावर या सदरात पुष्कळ लिहून झाले आहे. आज दुसरा घेऊ, कारण तो वाटतो तितका किरकोळ नाही. कारखान्यात वीस वर्षे पाळ्या करून जमवलेले एका दुपारी घालवण्याची ताकद त्यात आहे.

विहारात रविवारी वंदना आटोपली की आम्ही दोन-चार जण कागदपत्रे भरून द्यायला बसतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन कार्डावर नाव चढवणे, ही नेहमीची कामे. अलीकडे त्यात एका कामाची भर पडली आहे. "काका, लर्निंग लायसन काढून द्या ना." विचारणारा सोळा-सतरा वर्षांचा. सोबत कधी आई असते. ती म्हणते, "द्या ना भाऊ काढून. सोळाव्या वर्षी भेटतं म्हणे. मग पोलीस पण धरत नाही."

सोळाव्या वर्षी मिळते, हे खरे आहे. पण काय मिळते, हे त्या माउलीला कोणी सांगितलेले नसते.

आपला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या चौथ्या कलमात वयाची अट आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणीही सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवायचे नाही. या नियमाला सूट एवढीच, की ज्या दुचाकीचे इंजिन ५० सीसीपेक्षा मोठे नाही ती दुचाकी सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला चालवता येते. त्यासाठी शिकाऊ लायसन काढताना पालकाची लेखी संमती लागते. आता ही ५० सीसीची गाडी म्हणजे कोणती? ज्यांची पन्नाशी आली त्यांना लूना आठवत असेल. कायनेटिकची लूना १९७२ मध्ये बाजारात आली. पायडल मारून चालू व्हायची, चढावर दम खायची, प्रसंगी सायकलसारखी पायडल मारीत घरी आणता यायची. टीव्हीएस ५० ही तशीच. कायदा झाला तेव्हा अशा गाड्या रस्तोरस्ती दिसत होत्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला दिलेली सवलत त्या गाड्यांपुरती होती.

आज शोरूममध्ये जाऊन पाहा. ॲक्टिव्हाचे इंजिन ११० सीसीच्या घरातले, ॲक्सेसचे १२५ च्या घरातले, आणि साधी म्हणतो ती स्प्लेंडरसुद्धा शंभराला टेकलेली. पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची नवी दुचाकी दुकानात मिळत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी सरकार ज्या गाडीचे लायसन देते ती गाडी बाजारात नाही. आणि आपल्या दारात हप्त्यावर घेतलेली जी गाडी उभी आहे तिचे लायसन सोळाव्या वर्षी सरकार देत नाही. असा हा सगळा प्रकार आहे. तरीही पोरे हा कागद काढतात, खिशात घालतात आणि ॲक्टिव्हा काढून केटीएचएमकडे किंवा बिटको कॉलेजकडे निघतात. कागदावर गाडीचा प्रकार स्पष्ट छापलेला असतो. ॲक्टिव्हावर त्या कागदाची किंमत शून्य आहे. कायद्याच्या नजरेत तो मुलगा विनापरवानाच गाडी चालवत असतो.

विजेच्या गाड्यांबद्दलही एक खुलासा हवा, कारण त्यातही फसवाफसवी चालते. जिची मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आहे आणि जिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, अशी बॅटरीची दुचाकी नियमाप्रमाणे मोटार वाहनात धरली जात नाही. तिला नंबर नाही, लायसन नाही. कॉलेजच्या मुलाला ती चालते. पण काही दुकानदार "हिला लायसन लागत नाही" असे सांगून चाळीस-पन्नासच्या वेगाने पळणारी गाडी गळ्यात मारतात, किंवा गाडी विकून झाल्यावर वेगाचा लगाम काढून देतात. तशी गाडी मोटार वाहनच ठरते आणि मग पुढचे सगळे कलम लागू होते. गाडी घेताना वेग आणि मोटरची ताकद पावतीवर लिहून मागा. दुकानदार लिहून द्यायला कां कू करू लागला तर तिथून उठावे.

आता ते पुढचे कलम. २०१९ मध्ये हा कायदा दुरुस्त झाला आणि त्यात १९९-अ हे कलम नव्याने घालण्यात आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. त्या गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ना शिकाऊ लायसन, ना पक्के. आपल्याला माहीत नव्हते, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर किंवा मालकावर आहे, पोलिसांवर नाही. किल्ली खुंटीला टांगलेली, गाडी दारात, आणि आईनेच पोराला दळण आणायला पाठवलेले. काय सिद्ध करणार? "मालक" हा शब्दही नीट वाचावा. पुष्कळदा गाडी मामाची असते, चुलत्याची असते, शेजारच्या दादाची असते. "एक राउंड मारून येतो" म्हणून घेतलेल्या गाडीने तो दादाही गुंतून जातो.

अपघात झाला की विमा आहे ना, असे आम्हाला हमखास ऐकवले जाते. विम्याचा हप्ता भरलेला असतोही. पण विनापरवाना माणसाच्या हाती मालकाने जाणूनबुजून गाडी दिली असे ठरले, तर विमा कंपनी आपल्या गाडीचे नुकसान देत नाही. जखमी झालेल्याची किंवा मेलेल्याची भरपाई कंपनीने आधी भरायची आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करायची, असा हुकूम न्यायालये देत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा स्वर्ण सिंग खटल्यातला २००४ चा निकाल याच वाटेवरचा आहे. ही भरपाई हजारांत नसते, लाखांत असते. सिडकोत घेतलेले एका खोलीचे घर, भविष्य निर्वाह निधी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने, सगळे त्या वसुलीच्या तोंडी येते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झाले ते सर्वांनी टीव्हीवर पाहिले आहे. सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे मोटारीने दुचाकीला उडवले. दुचाकीवरचे दोघे तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि त्याच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. देशभर ओरड झाली तेव्हा तीन दिवसांनी आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. वडिलांना अटक झाली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरही धरले गेले. एवढा पैसा, एवढे वकील असूनही त्या घराची ही अवस्था झाली. मग अंबडच्या कंपनीत कंत्राटी असलेल्या आपल्या माणसाने विचार करावा. आपल्या पोराच्या हातून असे काही घडले तर त्याला निबंध लिहायला सांगतील, की चौकीतल्या बाकड्यावर बसवतील? वकिलाची पहिली फी भरायला कोणाकडे हात पसरणार? आणि समोर जो मेला, तोही बहुधा आपल्यासारखाच कोणाचा तरी कमावता मुलगा, सायकलवर किंवा पायी जाणारा. पहिले शील आपण रोज घेतो. ते रस्त्यावर लागू नाही, असे भगवंतांनी कुठे सांगितलेले नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, तुम्ही पोरांना घाबरवता. तसे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की सोळाव्या वर्षीच्या त्या निरुपयोगी कागदामागे लागू नका. दोन वर्षे सायकल आहे, २०२१ पासून सिटीलिंकची बस आहे. ही दोन वर्षे नियम शिकण्यात घालवा. मुंबई नाक्याजवळ तिडके कॉलनीत नाशिक फर्स्ट या संस्थेचे वाहतूक शिक्षणाचे उद्यान आहे, तिथे मुलांना घेऊन जा. आणि अठरावा वाढदिवस झाला की रीतसर लायसन काढा. ते कसे, हे आता जरा सविस्तर सांगतो.

सरकारी भाषेत त्याला शिकाऊ अनुज्ञप्ती म्हणतात. नाशिकचे प्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे आपले आरटीओ, पंचवटीत पेठ रोडला आहे. एमएच-१५ ही त्याचीच खूण. मालेगावकडच्या आपल्या बांधवांसाठी मालेगावला वेगळे कार्यालय आहे, तिकडची खूण एमएच-४१. पूर्वी शिकाऊ लायसनसाठी अख्खा दिवस मोडून पेठ रोडला रांग लावावी लागे, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा व्हायचा. १४ जून २०२१ पासून महाराष्ट्रात हे काम घरबसल्या होऊ लागले. ज्याचे आधार कार्ड मोबाईलला जोडलेले आहे त्याने परिवहन खात्याच्या सारथी या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, तिथेच फी भरायची, तिथेच परीक्षा द्यायची, आणि पास झाला की लायसन छापून घ्यायचे. ज्याला आधारच्या मार्गाने जायचे नाही त्याला वेळ ठरवून कार्यालयात जाऊन परीक्षा देता येते. फी फार नाही. शिकाऊ लायसनचे गाडीच्या एका प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये, वर किरकोळ सेवाशुल्क. याच कामाचे कोणी हजार-दीड हजार मागत असेल तर वरचे पैसे कशाचे, हे त्याला विचारा.

आमच्या अनुभवात अडचण येते ती परीक्षेत नाही, कागदात. आधारच्या मार्गाने गेले की नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो आधारवरूनच उचलला जातो. आपल्या मुलांचे आधार काढलेले असते दुसरी-तिसरीत. फोटोत दात पडलेले पोर आणि अर्जदार मिसरूड फुटलेला! पंधरा वर्षे झाली की आधारवरचे बोटांचे ठसे, डोळे, फोटो नव्याने द्यायचे असतात, ते पुष्कळांनी केलेलेच नसते. आधी ते करा. पत्ताही तपासा. जालना-परभणीकडून कामासाठी येऊन नाशिकला दहा वर्षे झाली, तरी आधारवर गावचाच पत्ता असणारी कितीतरी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आहेत. पक्के लायसन पुढे पोस्टाने त्याच पत्त्यावर जाते. मग गावच्या पोस्टमनला फोन करीत बसावे लागते.

नावाची भानगड तर आपल्या समाजात खास आहे. कुणी आडनाव बदलले, कुणी मुलाचे नाव शाळेत वेगळे घातले आणि घरी वेगळे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरे. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जून ही जन्मतारीख आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत घरोघर सापडते. मुलांच्या बाबतीत ती वेळ आली नाही, हे बरे झाले. नाव जुळत नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून एकदाचे एकसारखे करून घ्या. लायसनसाठी म्हणून नव्हे, पुढे जात पडताळणीला आणि नोकरीलाही हेच आडवे येते. बाबासाहेबांनी आपल्याला कागदाची किंमत शिकवली, तरी आपण दाखले गोधडीखाली ठेवतो आणि उंदरांना वाचायला देतो.

अर्जासोबत प्रकृतीबद्दल स्वतः लिहून द्यायचे असते. त्यात एक प्रश्न आहे, उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? आपल्या मुलांचे डोळे कोणी तपासलेले नसतात. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागच्या बाकावरचा मुलगा "ढ" ठरतो, आणि तोच पुढे गाडी चालवतो. या निमित्ताने डोळे तपासून घ्या. चष्मा लावून दिसत असेल तरी चालते. अर्जात अवयवदानाची इच्छा आहे का, असेही विचारलेले असते. तिथे मुलगा अडखळतो आणि आमच्याकडे बघतो. आम्ही म्हणतो, दानाचा अर्थ तुला विहारात शिकवला आहे, आता घरी आईशी बोल आणि मग लिही.

परीक्षेआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत दाखवतात, ती पुढे ढकलता येत नाही. मग पडद्यावर एकेक प्रश्न येतो, मराठीतही येतो, आणि घड्याळ चालू असते. शंभरात साठ गुण मिळाले की पास. प्रश्न असतात चिन्हांचे, प्राधान्याचे, अंतराचे. गोल चिन्ह हुकमाचे, त्रिकोणी धोक्याचे, चौकोनी माहितीचे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी लढाई झाली. सर्कलला कोणी थांबायचे, हा प्रश्न नाशिककराला तर यायलाच हवा. मायको सर्कल, एबीबी सर्कल आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. सर्कलमध्ये शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. सातपूरची पाळी सुटते तेव्हा तिथे उभे राहून मोजा, किती जण हे पाळतात!

आणि इथेच आम्हाला एक कडू बोलायचे आहे. घरबसल्या परीक्षा म्हटल्यावर ती नेट कॅफेवालाच देऊन टाकतो. मुलगा बाजूला मोबाईल बघत बसतो आणि दहा मिनिटांत पास होतो. कोणाच्या जागी कोणी बसू नये म्हणून कॅमेऱ्याची सोय केली, तरी पळवाटा काढणारे काढतातच. आयुष्यभर आपण तक्रार करतो, की आमच्या जागा दुसऱ्यांनी खोट्या दाखल्यांवर लाटल्या. मग आपल्याच मुलाची पहिली सरकारी परीक्षा दुसऱ्याने दिलेली कशी चालते?

चाळीसगावचा प्रसंग पुष्कळांना तोंडपाठ असेल, तरी इथे सांगणे भाग आहे. मनमाड-नांदगावच्या पुढचे हे चाळीसगाव. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला जी समिती नेमली होती, तिचे बाबासाहेब सभासद होते. धुळ्याकडचे काम उरकून परतताना चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहाखातर ते तिथे उतरले. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते, पण महाराला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर असला म्हणून काय झाले! शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. बाबासाहेबांना पायी नेणे लोकांना बरे वाटेना, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये प्रसिद्ध केल्या.

या प्रसंगाचा पहिला अर्थ आपण नेहमी सांगतो, तो टांगेवाल्याच्या जातीच्या माजाचा. तो खराच आहे. पण लगाम धरणाऱ्या आपल्या माणसाकडेही आज जरा पाहू. त्याच्या मनात नुसते प्रेम होते, मानाची भावना होती. टांगा हाकायचे त्याला येत नव्हते, कारण आपल्याला तो धंदा कोणी शिकूच दिला नव्हता. त्या दिवशी त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज आपल्या पोरांपुढे आहे. सरकारची परीक्षा आहे, तिला जात विचारली जात नाही, दोनशे रुपयांत देता येते. ती खोटी देऊन, न शिकता लगाम हाती घेण्याचे कारण काय?

शिकाऊ लायसन सहा महिने चालते. ते हातात आले म्हणजे गाडी चालवता आली असे नव्हे. शिकण्याची परवानगी मिळाली, इतकेच. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात इंग्रजी एल हे अक्षर लावायचे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस तरी हवी. पोरे नखाएवढा स्टिकर लावतात, तो चालत नाही. सोबत पक्के लायसन असलेला शिकवणारा हवा. दुचाकीवर मागे बसला तर तो शिकवणाराच, मैत्रीण किंवा मित्र नाही. हेल्मेट दोघांनाही. १५ ऑगस्ट २०२१ ला नाशिक पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम काढली होती. तेव्हा पंपाच्या अलीकडे शेजाऱ्याचे हेल्मेट उसने घेऊन पलीकडे परत देणारे महाभागही निघालेच. हेल्मेट पोलिसाच्या नव्हे, आपल्या डोक्यासाठी असते, हे त्यांना कोण सांगणार.

तीस दिवस झाल्यावर, आणि सहा महिने संपायच्या आत, पक्क्या लायसनची चाचणी द्यायची. तिची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि तिथे मात्र स्वतः जावे लागते. गाडी आपली न्यायची. तिचे नोंदणीपत्र, विमा आणि धुराचा दाखला चालू हवा. दुचाकीवर इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवायची, पाय टेकवायचा नाही. चाचणीचे ३०० आणि लायसनचे २०० रुपये, शिवाय पोस्ट वगैरे. तिशीच्या आत काढलेले लायसन वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते, म्हणजे अठराव्या वर्षी काढले की बावीस वर्षे पुन्हा बघायला नको. मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये ठेवलेलेही ग्राह्य धरतात.

मुलींचे लायसन काढायला फार थोडे लोक येतात, आणि आले तरी "लग्नानंतर सासरचे बघतील" म्हणतात. सासरच्यांनी का बघायचे? नर्सिंग करणारी, रात्रपाळी संपवून येणारी मुलगी रिक्षाची वाट पाहत द्वारका चौकात उभी राहते, आणि धाकटा भाऊ विनापरवाना गाडी उडवत असतो. अठरा झाले की दोघांनाही सारखेच शिकवा. आधी मोठी असेल तर आधी तिला.

कामधंद्याच्या दृष्टीनेही हे पाहा. मालवाहू किंवा प्रवासी गाडी चालवायला वय वीस लागते. व्यावसायिक चालकाला पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की साडेसात टनांपर्यंतची हलकी वाहतूक गाडी साध्या हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते. छोटा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्यांना याचा मोठा आधार झाला. अठराव्या वर्षी दुचाकीसोबत हलक्या मोटारीचेही लायसन काढले तर पुढे दार उघडे राहते. पण अल्पवयात पकडला गेलेल्या मुलाला पंचवीसपर्यंत लायसन नाही, म्हणजे हे दारही सात-आठ वर्षे बंद. गरिबाच्या घरात कमाईची पहिली सात-आठ वर्षे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

आता जयंतीविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. चौदा एप्रिलची मोटारसायकल फेरी निघते. निळे झेंडे लागतात. येवल्याला मुक्तिभूमीवर १३ ऑक्टोबरला जायचे असते, एक जानेवारीला कोरेगाव भीमाला जायचे असते. त्या फेऱ्यांत ट्रिपल सीट, विना हेल्मेट, पंधरा-सोळाची पोरे, सायलेन्सर काढलेल्या गाड्या, आणि कुठे कुठे पाचव्या शिलाचा उघड भंगही दिसतो. पोलिसांनी अडवले की आपण म्हणतो, आमच्यावरच राग. कधी तो असतोही. पण म्हणूनच आपल्या बाजूला फट ठेवू नये. जयंती मंडळांनी फेरीत येणाऱ्याचे लायसन बघूनच झेंडा द्यावा, आणि अल्पवयीन मुलांना ट्रकवर किंवा पायी चालणाऱ्यांच्या पुढे लेझीमला घ्यावे. काही मंडळांच्या कानावर हे घातले तेव्हा "मग गर्दी कमी दिसेल" असे उत्तर मिळाले. दिसू द्या कमी.

ज्यांची मुले-मुली यंदा अठरा पूर्ण करत आहेत त्यांनी रविवारी वंदनेनंतर अकरापर्यंत विहारात यावे. येताना आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका आणावी. फी भरायला ज्यांच्या खात्याला सोय आहे असा घरातला एक मोठा माणूस सोबत असावा. अर्ज कसा भरायचा ते आम्ही दाखवू, सरावाचे प्रश्नही करून घेऊ. परीक्षा मात्र मुलाने घरी जाऊन स्वतः द्यायची. सोळा-सतराच्या मुलांनीही यावे, त्यांना चिन्हांचा तक्ता देऊ. गाडीची किल्ली घरी ठेवून यावे.